ज्या दिवशी आमच्या घरावर धूर दिसला नाही

आप्पा, म्हणजे आमचे वडील, काही नवी वस्तू घेऊन घरी आले की आई आधी त्या वस्तूकडं बघायचीच नाही. ती आप्पांच्या तोंडाकडं बघायची. तोंड जितकं हसरं तितकी वस्तू भानगडीची, असा तिचा अनुभव होता. ट्रान्झिस्टर आला तेव्हा आप्पा नुसतं गालातल्या गालात हसत होते, म्हणून तो टिकला. आईनं त्याला दोऱ्याचं विणलेलं झाकण केलं आणि देवळीत मानानं बसवला. संकरित ज्वारीचं बी आणलं तेव्हा मात्र ते दारातूनच हसत आले होते. पीक आलं रग्गड, पण भाकरी अशी झाली की आमचे आजोबा, आबा, ती हातात धरून म्हणाले, "सूनबाई, ही मोडायची का फोडायची?" पुढं वर्षभर ती ज्वारी बैलांनी खाल्ली आणि बोलणी आप्पांनी.

आता आईला नवं म्हणून काही खपत नव्हतं, असं कुणी समजू नका. गावात पिठाची गिरणी आली त्याच आठवड्यात तिनं जातं उचकटून अंगणात टाकलं, आणि पुढं कितीतरी वर्षं त्यात कोंबड्या पाणी पीत होत्या. नायलॉनचं लुगडं आमच्या आळीत पहिल्यांदा नेसली तीही आईच. तेव्हा नव्या गोष्टींना माणसं का बिचकतात, यावर शहाणी मंडळी सभेत बोलायला लागली की मला हसू येतं. बिचकणारं माणूस अडाणीच असतं असं त्यांनी धरलेलं असतं. माझी आई अडाणी नव्हती, भित्री तर नव्हतीच. तरी तिनं गोबरगॅसला असा विरोध केला की बास.

आमचं गाव घोड नदीच्या काठी, इनामगावच्या अलीकडं. मळ्यात वांगी, घेवडा, मिरची आणि कडेनं थोडा झेंडू. घरात दोन बैल, म्हशी, एक गाय, आणि त्या सगळ्यांचं शेण. त्या शेणाची मी मालकीण होते. सकाळी उठायचं, पाटी भरायची, गोवऱ्या थापायच्या, वाळत घातलेल्या पालथ्या करायच्या, मग बांधाबांधानं हिंडून बाभळीच्या काटक्या नि तुराट्या गोळा करायच्या. माझी पाटी दारात येईपर्यंत आईची भाकरी सुरू झालेली असायची. काठवटीवरची ती थपथप, तव्यावर पाणी फिरवल्यावरचा चर्र आवाज, आणि मग भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्याला उभी लावली की तिचं टम्म फुगणं. त्या भाकरीवर लसणाचा ठेचा आणि वर म्हशीचं लोणी. मी आता सत्तरीच्या घरात आहे, दातांचं काही खरं नाही, पण ती भाकरी आठवली की अजून तोंडाला पाणी सुटतं. पण त्या भाकरीमागं बसलेली आई मला अजून दिसते तीही तशीच: डोळे लाल, नाकातून पाणी, पदरानं पुसतेय आणि फुंकणीनं परत फुंकतेय. पावसाळ्यात सरपण ओलं असलं की सगळं घर खोकायचं. आबा तर घोंगडं घेऊन गोठ्यात जाऊन बसायचे.

मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मला शिरूरच्या कॉलेजात जायचं होतं. मावशी शिरूरला राहायची, तिनं राहण्याजेवणाची सोय करते म्हणून सांगितलं होतं. आप्पा तयार होते, आबांना काही म्हणायचं नव्हतं. आई एवढंच म्हणाली, "जाऊ दे की. पर सरपण कोण आणील? ह्या गोवऱ्या काय आपल्या आपण थापल्या जातील व्हय?"

तिचं काही चुकत नव्हतं. तिला मळ्यातली खुरपणी होती, जनावरं होती, सगळ्या घराचा स्वयंपाक होता. मी गेले तर सरपणाचं ओझं तिच्याच डोक्यावर येणार. आणि मी घरी राहिले तर पुढं काय होणार हे न सांगता कळत होतं: पोहे करायचे, पाहुण्यांना द्यायचे आणि मान खाली घालून बसायचं. मी आठवडाभर तोंड पाडून गोवऱ्या थापल्या.

त्याच सुमारास आप्पा यवतला एका पाहुण्याकडं जाऊन आले. येताना हातात काहीच नव्हतं, पण तोंड असं काही हसरं की आईनं हातातली परात खाली ठेवली.

"काय आणलं?" आई म्हणाली.

"आणलं न्हाई, बघितलं. अगं, शेणाची आग! निळा जाळ, धूर न्हाई, काजळी न्हाई. काडी वढली की भक्कन पेटतीय. सरपणच नको!" आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "शकू, तुझं शिरूरचं झालंच बघ."

मी तर नाचायचीच राहिले होते. शेण तेच, पण गोवऱ्या नकोत, काटक्या नकोत! त्या रात्री मी गोबरगॅसवर भावी नवऱ्यापेक्षा जास्त प्रेम केलं असेल.

पुढचं सगळं आप्पांनी झपाट्यानं केलं. तालुक्याच्या ब्लॉक ऑफिसातल्या साहेबांना घेऊन आले, दोघांनी घराला एक फेरी मारली, माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवशी गडी खड्डा खणायला लागले. कुठं? तर परसात, मोरीच्या पाण्यावर आईनं वाढवलेल्या आळूच्या वाफ्यात. आई मळ्यातून आली तर आळूची पानं ढिगानं बाजूला पडलेली आणि खड्ड्यात गडी कमरेइतका. तिनं सगळी पानं गोळा करून आणली, त्या रात्री आळूची पातळ भाजी केली, आणि वाढताना आप्पांना म्हणाली, "जेवा पोटभर. हे शेवटचं."

तिथून तिचं बिनसलं. खड्डा बांधून झाला. दौंडच्या एका वेल्डिंगवाल्याकडं लोखंडी टाकी करायला टाकली होती, ती ट्रॉलीतून भीमा ओलांडून आली. भल्यामोठ्या पातेल्यासारखी टाकी, खड्ड्यात उपडी घालायची. खाली शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, कुजायचा, गॅस झाला की टाकी आपोआप वर यायची, आणि नळीतून तो गॅस घरात. सगळं गाव बघायला आलं. कुणी म्हणालं फुटंल, कुणी म्हणालं भाकरीला वास मारंल. आईनं मात्र फुटण्याबिटण्याचं नावही काढलं नाही. तिचा मुद्दा निराळाच होता. तेव्हा इनामगावला पुण्याची शिकलेली माणसं जुन्या वस्तीचं खोदकाम करत होती, आणि मातीच्या पोटातून फार जुन्या काळच्या चुली निघाल्याचं आमच्याकडं कळलेलं होतं.

"इनामगावला मातीखालनं काय निघालं?" आई आप्पांना म्हणाली. "चुली निघाल्या. तुमची टाकी निघाली का?"

आबा घोंगड्याआडून खो खो हसत होते.

आणि मग ती शेगडी. आप्पांनी हौसेनं स्वयंपाकघरात विटांचा उंच ओटा बांधून घेतला आणि त्यावर शेगडी बसवली. यवतच्या पाहुण्यानं तसंच केलं होतं. आईनं दारातून बघितलं. "उभ्यानं सैपाक? उभ्यानं हाटेलात करत्यात. मी भाकरी कुठं थापू, डोक्यावर?" तिनं पदर खोचला आणि जाहीर केलं, "शकू शिरूरला जाऊ दे, न्हाई तर मुंबईला जाऊ दे. मी काय आडवी येत न्हाई. पर त्या शेगडीला मी हात लावणार न्हाई म्हंजी न्हाई."

झालं! म्हणजे गॅस चालू झाला तरी माझी सुटका नव्हतीच. आई चुलीवरच करणार असेल तर सरपण पाहिजे, आणि गॅसवर करायचं असेल तर शेगडीपुढं मी पाहिजे. दोन्हीकडून शकूच. मी आप्पांना म्हणाले, "आप्पा, तुम्ही आईला आधी इचारायचं तरी हुतं." ते खरंच चकित होऊन माझ्याकडं बघायला लागले. "आगं, तिच्यासाठीच तर केलं सगळं! तिला काय इचारायचं?"

परवाच आमच्या मुलानं घरात विजेची काचेची शेगडी आणली. माझी जुनी पितळी कढई तिच्यावर तापत नाही म्हणे. "आई, तुझ्यासाठीच आणली," असं तो म्हणाला आणि मला एकदम आप्पाच दिसले. मी दोन दिवस त्या शेगडीकडं ढुंकून बघितलं नाही.

तर खड्ड्यात शेणकाला घातला, टाकी बसवली आणि आम्ही वाट बघत बसलो. आप्पा उठल्याबरोबर तोंड न धुता परसात जायचे. टाकी ढिम्म. गावातली माणसं मुद्दाम आमच्या परसामागून जायला लागली. "काय, उबावलं का अंडं?" असं विचारायची. आप्पांचा चेहरा रोज थोडा उतरायचा, आणि माझा त्याहून जास्त. कॉलेजात नाव घालायचे दिवस जवळ आले होते. अन् एका सकाळी आप्पांची अशी आरोळी आली की म्हशींनी दावी ताणली. टाकी वर आली होती. चांगली वीतभर!

आप्पांनी नारळ फोडला, मी शेगडीला हळदकुंकू वाहिलं, काडी ओढली. निळा जाळ. दिवसाउजेडी तो इतका फिका दिसत होता की आबांनी विचारलं, "पेटलीय कुठं?" आणि बोट पुढं करून चटका बसल्यावर त्यांची खात्री पटली. आई त्या सकाळी चुलीजवळ गेलीच नाही. "आज हुंदे तुमचं तुमच्या गॅसवर," म्हणाली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. डोक्यावरून पदर, हनुवटीला हात. मी आत उभ्यानं भात टाकला, वांग्याचं कालवण केलं, आणि मनातून रडकुंडीला आले होते, कारण मला कळत होतं की आजच्यासारखं रोज मलाच उभं राहायला लागणार. आबा चटका बसलेलं बोट फुंकत अंगणातल्या बाजेवर उन्हाला आडवे झाले आणि सवयीप्रमाणं तोंडावरून घोंगडं ओढून इतके गाढ झोपले की घोरणंसुद्धा ऐकू येईना. आप्पा परसात टाकीपाशी.

आमच्याकडं सकाळी प्रत्येक घरावर धूर असतो. कौलांतून निघतो आणि सगळ्या आळीवर पसरतो. ज्या घरावर धूर नाही त्या घरात मयत झालंय असं धरतात. मयताच्या घरी चूल पेटत नाही. मग शेजारणी पाजारणी पिठलं-भाकरी करून नेतात, घरच्यांना बळंबळं घास भरवतात. कुणी कुणाला सांगायला जात नाही, धूर दिसला नाही की ज्याचं त्याला कळतं.

पहिली आली समोरची हौसाकाकी. डोक्यावर फडक्यानं झाकलेली पाटी. तिनं काय बघितलं असेल ते तुम्हीच बघा: घरावर धूर नाही. मालकीण ओट्यावर डोकं झाकून बसलेली, डोळे लालभडक. अंगणात बाजेवर म्हातारा पायापासून डोक्यापर्यंत झाकलेला, हलत नाही. हौसाकाकीनं पाटी खाली ठेवली, आईला मिठी मारली आणि म्हणाली, "नका वैनी, नका जिवाला लावून घिऊ."

आणि आईला, बाई, खरंच रडू फुटलं! किती दिवसांचं साठलेलं. आळूचा वाफा, ओटा, शेगडी, कुणी विचारलं नाही, कुणी समजूत काढली नाही, आणि आता कुणीतरी पाठीवरून हात फिरवतंय. ती हुंदके देऊन रडायला लागली. तिचं बघून हौसाकाकीनं गळा काढला. तोवर आणखी तिघीचौघी पाट्या घेऊन आल्या होत्या, त्यांनी सूर धरला. एक म्हणाली, "लई मायाळू हुते." दुसरी म्हणाली, "आमच्या लग्नात मांडवात कसे नाचले हुते!" मी आतून उलथनं हातात घेऊन धावत बाहेर आले. मला वाटलं आप्पांना काही झालं, टाकी फुटली!

तेवढ्यात बाजेवरचं घोंगडं बाजूला झालं आणि आबा उठून बसले. डोळे चोळत त्यांनी सगळ्या बायकांकडं बघितलं, टोपी चाचपली आणि अगदी दुःखी आवाजात म्हणाले, "कोण गेलं गं?"

एकीचा हंबरडा तोंडातल्या तोंडातच राहिला. हौसाकाकी दोन पावलं मागं सरली. "आगं बया! मंग तुमच्या घरावर धूर का न्हाई?"

आप्पा परसातून आले. त्यांना वाटलं बायका गॅस बघायला आल्या आहेत. त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगायला सुरुवात केली, काला, टाकी, नळी, निळा जाळ. हौसाकाकीचा चेहरा लाजेनं लाल झाला होता, आणि लाजलेलं माणूस रागावतंच. ती पाटी उचलत फणकाऱ्यानं म्हणाली, "शेणावर शिजवल्यालं खाता व्हय? आजपासनं तुमच्या घरचा चहासुदीक नगं बाई!"

आईनं डोळे पुसले. पदर डोक्यावरून खांद्यावर आला आणि तिथून कमरेला गेला. मी जागच्या जागी थांबले, कारण पदर कमरेला गेला की पुढं काय होतं हे मला ठाऊक होतं.

"हौसे," आई म्हणाली, "तुझी गोवरी कशाची असती गं? चंदनाची?"

"बसा समद्या," आई म्हणाली. "चहा पिल्याबिगर कोण उठंल तर बघा." आणि ती तरातरा आत गेली. मी मागोमाग. तिनं ओट्यावरची शेगडी दोन्ही हातांनी उचलली, नळी ओढून बघितली, पुरतेय म्हणताना शेगडी खाली चुलीच्या शेजारी जमिनीवर ठेवली, पाट ओढला आणि मांडी घालून बसली. "पेटवायची कशी ही भवानी?"

"आधी काडी वढ, मग चावी फिरव," मी म्हणाले.

भक्कन पेटली. आई थोडी मागं झाली, मग पुढं वाकली आणि डोळे बारीक करून त्या जाळाकडं बघत राहिली. धुराची वाट बघत असावी. सवयीनं तिनं फुंकणी उचलली, मला हसताना बघून परत ठेवली. चहाचं आधण ठेवलं आणि चुलीच्या हिशेबानं उठून बाहेर बायकांशी बोलायला गेली. "तवर बोलू," म्हणाली. बोलणं सुरूही झालं नव्हतं तर मी ओरडले, "आई, उतू चाललं!" ती धावत आली. "आत्ता गं बया! एवढ्यात?" चहा शेगडीवर सांडला होता आणि आईच्या तोंडावर जे हसू आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. तिनं ते घाईघाईनं गिळलं आणि कप भरले.

हौसाकाकीनं चहा हुंगून बघितला, बशीत ओतला, प्याली. आणखी एक घोट घेतला. मग म्हणाली, "आन् राख? भांडी कशानं घासायची?"

हाच प्रश्न विचारून आईनं आप्पांना महिनाभर भंडावलं होतं. पण आता तिनं असं उत्तर दिलं की जसा काही गॅस तिनंच काढला. "नदीला वाळू काय कमी हाय का? आन् शकू नसती तवा सरपणाचं कोण बघणार? ती चाललीय शिरूरला. कॉलेजात!"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. ती हे मला सांगत नव्हती, हौसाकाकीला सांगत होती, तोऱ्यात, लुगड्याचा काठ दाखवावा तसं. पण माझं काम झालं होतं. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन भाताच्या पातेल्यामागं तोंड लपवून रडले.

आणलेलं पिठलं-भाकरी परत न्यायची नसते, म्हणून सगळ्यांनी अंगणातच पंगत मांडली. आबा सगळ्यात पुढं. "माझ्या नावचं हाय, पयला घास मीच खाणार," म्हणाले आणि दोनदा मागून घेतलं. वर हौसाकाकीला सांगितलं, "खऱ्या टायमाला मीठ जरा कमी टाक."

पुढं आईनं गॅस आपलासा केला, पण तिच्या रीतीनं. चहा, भात, कालवण, दूध गॅसवर. भाकरी मात्र चुलीवर, कारण निखाऱ्याशिवाय ती फुगत नाही यावर ती शेवटपर्यंत ठाम होती, आणि मला विचाराल तर तिचंच खरं होतं. आप्पांच्या उंच ओट्यावर तिनं लोणच्याच्या बरण्या मांडल्या. खड्ड्यातून बाहेर येणारा काला तिनं नव्या वाफ्याला घातला आणि आळूची पानं सुपाएवढी झाली. वर्षाच्या आत हौसाकाकीच्या परसात खड्डा खणला गेला. खणायची जागा आईनं दाखवली, हौसाकाकीला विचारून.

आणि भाकरी नसली, कुठं गावाला जायचं असलं, तरी सकाळी एक गोवरी ती चुलीत धुपत ठेवायचीच, आणि ती दुपार टळेपर्यंत धुपायची. आप्पा चिडायचे, आता कशाला म्हणून. ती म्हणायची, "गावाला कळाया नगं का आपण जित्तं हाय म्हणून? परत समद्या रडत आल्या तर चहा कोण करील?"

मी शिरूरला गेले. आठवडाभर मावशीकडं राहायचं आणि शनिवारी सकाळच्या कॉलेजानंतर एसटीनं घरी. गाडी नदीच्या वळणावर आली की मी खिडकीतून आधी आमच्या घरावरचा धूर शोधायची. दिसला की निवांत व्हायची, मग शेजारी बसलेल्या बाईशी गप्पा.

एका शनिवारी धूर दिसला नाही. मी परत बघितलं. सगळ्या आळीवर थोडा थोडा होता, आमच्या कौलांवर काहीच नाही. कॉलेजात जाणारी, विज्ञान शिकणारी मुलगी मी, गॅसचं सगळं मला पाठ. पण गाडी थांबायच्या आत उतरले, चपला हातात घेतल्या आणि धावत सुटले. वाटेत कुणी हाक मारली, मी बघितलंही नाही. आबा का आई, आबा का आई, एवढंच डोक्यात. अंगणात आले तर आबा बाजेवर घोंगडं पांघरून आडवे. मी घोंगडं ओढलं तर ते "आगं, थंडी हाय!" म्हणून ओरडले. आत पळाले.

आई पाटावर बसून बशीतून चहा पीत होती. समोर शेगडीवर निळा जाळ. माझ्याकडं बघून तिनं बशी खाली ठेवली. "काय गं? कुत्रं लागलं का मागं?"

"धूर..." मी म्हणाले. "धूर नव्हता."

"गोवऱ्या भिजल्या रातच्या पावसात," आई म्हणाली. मग माझ्या हातातल्या चपला तिनं बघितल्या, माझं तोंड बघितलं, आणि तिच्या ध्यानात आलं. ती हसायला लागली. पदर तोंडात धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसली, आणि मला ओढून जवळ बसवत म्हणाली, "मंग रिकाम्या हातानं कशी आलीस? पिठलं-भाकरी न्हाई आणलीस?"